पणजीच्या जुन्या फोंतैन्याशी वाड्यातला म्हणून घेतलेला रस्त्यावरचा जुना दिवा खरंच तिथला आहे का, कसं ओळखायचं?

सांजवात, मडगाव

नमस्कार मंडळी. आधी चिमण्या आणि हरिकेन कंदील जमवायचे, आता नाद रस्त्यावरच्या दिव्यांवर आलाय. गेल्या महिन्यात एका जुन्या सामानवाल्याकडून दोन नग आणले. एक चौकोनी कंदील, वर निमुळतं छप्पर, चारी बाजूंना काचा (दोन फुटलेल्या), तळाला मधोमध भोक आणि हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. दुसरी इनॅमलची गोल शेड, बाहेरून गडद हिरवी आतून पांढरी, वाकवलेल्या पाइपच्या ब्रॅकेटसकट, काठाला तीनचार जागी इनॅमल उडून गंज चढलाय.

कंदिलाचे त्याने सणसणीत पैसे घेतले, का तर म्हणे "अस्सल पोर्तुगीज आहे, फोंतैन्याशीत एका घराच्या कोपऱ्यावर होता, असा पीस परत मिळणार नाही." शेड मात्र "ती पण न्या हो बाई" म्हणून जवळपास फुकटच गळ्यात घातली, मडगावातच एक जुनं घर मोडलं त्याच्या कंपाउंडमधून आली असं सांगितलं. आता मला त्याच्या सांगण्यापलीकडे काहीतरी हवंय. कुठे बनला, साधारण कुठल्या काळात, गोव्यात खरंच लागलेला होता का, हे दिव्यावरून कळतं का? कंपनीचं नाव वरवर तरी कुठेच दिसत नाही. घरी सासूबाई म्हणतात रस्त्यावरचा दिवा घरात कशाला आणलास, उद्या खांब पण आणशील. (त्यांना अजून सांगितलं नाही की खांबाचंही बघतेय.)

बिडाचा_खांब, म्हापसा

सांजवातताई, गोव्यात जुन्या बाजारात जे जे गंजलंय ते ते पोर्तुगीज असतं, म्हणजे विकणाऱ्याच्या हिशेबाने. तो खोटंच बोलतोय असं नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. आकारावर तर अजिबात जाऊ नका, चौकोनी निमुळता कंदील लिस्बनलाही होता, लंडनलाही होता, मुंबईलाही होता, आणि आज हॉटेलवाल्यांसाठी ॲल्युमिनियममध्ये ओतून ढिगाने मिळतो.

माझी पद्धत अशी की दिव्यात काय काय बदललं गेलं असणार ते आधी बाजूला काढायचं. रंग बदलतो, काचा बदलतात, वायर तर बदलतेच, आणि होल्डर सगळ्यात आधी बदलतो. उरतं काय, तर पत्रा, ओतकाम, मुळात पाडलेली भोकं आणि अंगातले स्क्रू. स्क्रू कुणी हौसेने बदलत नाही, गंजून बसलेला असतो म्हणून आपल्याही शिव्या खातो, पण तोच खरं बोलतो.

इंग्लंडमध्ये बनलेल्या आणि आपल्याकडे भारतात जुन्या काळी बनलेल्या मालाला व्हिटवर्थचे आटे असायचे, इंचावर मोजलेले, आट्याचा कोन ५५ अंश. पोर्तुगाल, जर्मनी, हॉलंड तिकडे मेट्रिक, कोन ६० अंश. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ लाच स्वीकारली, भारतात तसा कायदा १९५६ चा आणि कारखान्यांच्या हाडात मुरायला आणखी बरीच वर्षं गेली. कोन घरी मोजता येणार नाही, पण आटे मोजता येतात. शेड धरून ठेवणारा साधारण ६ मिलिमीटरचा एखादा स्क्रू काढा, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून दातब्रशने साफ करा, पोरांच्या प्लॅस्टिसिनवर आडवा दाबा आणि १ सेंटिमीटरमध्ये किती रेघा उठल्या ते बघा. १० आल्या तर मेट्रिक, ८ च्या आसपास आल्या तर पाव इंची व्हिटवर्थ. चष्मा लावून मोजा.

दोन सावधगिऱ्या. एक, पाइपच्या आट्यांवरून काही ठरवू नका, अर्धा इंची पाऊण इंची पाइपचे आटे युरोपभर व्हिटवर्थच्याच घराण्यातले आहेत, त्यामुळे ब्रॅकेटचा पाइप कुठलाही असला तरी सारखाच लागेल. दुसरं, होल्डरमधले वायर आवळायचे बारके स्क्रूही सोडा, इंग्लिश बीए (ब्रिटिश असोसिएशनचे बारीक आटे) आणि मेट्रिक ५ मिलिमीटर यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, इतका जवळ आहे (०.८१ आणि ०.८ मिलिमीटर) की प्लॅस्टिसिनवर तुम्हालाच काय मलाही कळणार नाही.

कंदिलाला लोहचुंबक लावा. आणि छपराच्या आतून, अगदी टोकाशी, बोट फिरवून बघा काजळी आहे का. रंगाखालून पण लागते.

रिटायर_लाइनमन, डिचोली

वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण होल्डर अगदीच टाकून देऊ नका. मी नोकरीत असताना जुन्या ब्रॅकेटवर नवीन शेड, जुन्या शेडमध्ये नवीन होल्डर, स्टोअरमध्ये जे असेल ते, असं सर्रास व्हायचं, पावसात खांबावर चढलेला माणूस दिव्याचा इतिहास बघत नाही. म्हणून होल्डर मूळचा आहे का ते आधी बघा. मूळचा असेल तर तो बसवलेली पट्टी आणि त्याचे स्क्रू यांना एकसारखा गंज असतो आणि पट्टीला जास्तीची रिकामी भोकं नसतात. नंतरचा असेल तर हमखास कुठेतरी भोक रुंद केलेलं नाहीतर वायसर घालून जमवलेलं दिसतं.

पिनेचा होल्डर असेल तर इंग्लंड, भारत नाहीतर फ्रान्स, तिकडे पोर्तुगाल-जर्मनीत पिनेचा दिवा सहसा वापरत नव्हते, आट्यांचा वापरायचे, ई२७ (२७ मिलिमीटर आट्यांचा). पण उलटं खरं नाही, आपल्याकडेही ८० आणि १२५ वॅटचे मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेचे) दिवे आट्यांचेही होते आणि २५० वॅटला तर मोठा ई४०. तेव्हा आटे दिसले की लगेच पोर्तुगीज म्हणू नका. मर्क्युरीचा दिवा असेल तर चोक कुठेतरी असणारच, शेडमध्ये नाहीतर खांबाच्या पोटात. चिनीमातीच्या होल्डरवर खालच्या बाजूला छाप असतो तो ओल्या फडक्याने पुसून तिरक्या उजेडात बघा. आयएसआयचा शिक्का असेल तर १९५५ नंतरचा भारतीय माल, विषय संपला. 

आणि एक, चोक असेल तर सोबतचा कपॅसिटर उघडू नका, जुन्यातलं तेल चांगलं नसतं. वायरवर पांढरी सुती दिसणारी नळी असेल तर ती ॲस्बेस्टॉस असू शकते, फुंकर मारत बसू नका.

बाबू_पेडणेकार

सगळं ठीक, पण हा दिवा नगरपालिकेचा होता तर त्या माणसाकडे आला कसा? रस्त्यावरचा दिवा कुणाच्या बापाचा नसतो. लिलावाची पावती मागितली का? एलईडी आल्यापासून, म्हणजे २०१५ ची ती केंद्राची योजना आल्यापासून, जुने दिवे उतरवले तेव्हा बरंच सामान भंगारात गेलं, ते कायदेशीर लिलावातून गेलं असेल तर प्रश्न नाही. पण आमच्याकडे रात्रीत ब्रॅकेट कापून नेलेले पण बघितलेत.

दुसरं म्हणजे १९७२ चा पुरावस्तू कायदा. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तूत येऊ शकते, इमारतीपासून सुट्टा केलेला भाग सुद्धा, आणि ती देशाबाहेर पाठवायला आपल्याला परवानगी नाही. कुणी परदेशातला गिऱ्हाईक विचारायला आला तर विचार करा.

सांजवात, मडगाव

बाप रे, एवढं सगळं! पेडणेकार, पावती नाही मागितली, आता पुढच्या वेळी आधी पावती मग चहा. बाकी काल दुपारी दोन्ही नग गॅलरीत पेपर पसरून बसले, सासूबाईच टॉर्च धरून बसल्या शेवटी.

कंदील: लोहचुंबक चिकटतच नाही. माझं तोंड पडलं, म्हटलं ॲल्युमिनियमचा नवाच निघाला. पण वजन जास्त वाटलं म्हणून तळाच्या कडेला ब्लेडने रंग खरवडला तर आत लालसर धातू. छपराच्या आत टोकाशी बोट काळं झालं, जाड काजळी आहे, हिरव्या रंगाच्या खाली पण. तळाच्या पत्र्यात मधलं भोक आहेच, त्याच्या बाजूला अजून एक चौकोनी भोक आहे, त्यावर नंतर पत्रा डाग देऊन बसवलाय आणि एका कडेला बिजागरीचं अर्धं पान अजून लटकतंय. बाजूच्या चारही काचांपैकी एक चौकट उघडते. आत होल्डर आहे तो पिनेचा, पण लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने बसवलाय, तो नंतरचा असणार हे मलाही कळलं.

शेड: लोहचुंबक कडक चिकटतो. वरचे तीन स्क्रू निघता निघेनात, एक निघाला. प्लॅस्टिसिनवर १० रेघा, शेजारच्या पोराकडून दोनदा मोजून घेतल्या. होल्डर चिनीमातीचा, आट्यांचा, साधा घरगुती बल्ब बसतो तेवढाच. त्याच्यावर गोल फिरवून उठावाची अक्षरं आहेत, अर्धी गंजात गेलीत पण 'मेड इन वेस्टर्न जर्मनी' नक्की वाचता येतं. पट्टीला जास्तीची भोकं नाहीत, चोक नाही, तो ठेवायला जागाही नाही. ब्रॅकेटच्या पाइपवर ब्रशने पांढऱ्या रंगात आकडा लिहिलेला होता, त्यातले ४ आणि ७ दिसतात, पुढे काही होतं की नाही सांगता येत नाही.

बिडाचा_खांब, म्हापसा

अहो ताई, तुम्ही लॉटरी काढली आणि तिकीट चुकीच्या खिशात शोधताय.

कंदील आधी. लालसर म्हणजे तांब्याचा पत्रा, तांब्याला चुंबक चिकटत नाही, नव्या नकला तांब्यात सहसा कुणी करत नाही, महाग पडतात. म्हणजे जुना असण्याचीच शक्यता जास्त. पण तो रॉकेलचा नाही, गॅसचा आहे. रॉकेलचा दिवा रोज बाहेर काढून भरावा लागतो, वात कापावी लागते, म्हणून त्याला आत दिवा टेकवायला सपाट बूड लागतं आणि तळ बंद असतो. तुमच्या कंदिलाच्या तळातून मधोमध पाइप वर येत होता, आणि बाजूच्या चौकोनी भोकावर बिजागरीची झडप होती. ती झडप बत्तीवाल्यासाठी. तो खालूनच लांब काठी आत घालायचा, टोकाने गॅसची चावी फिरवायचा आणि काठीच्याच ज्योतीने पेटवायचा, शिडी लावायची गरज नाही. उघडणारी बाजूची चौकट काच पुसायला आणि मँटल बदलायला.

आता गॅसचे दिवे म्हणजे पाइपातून गॅस घरोघर रस्तोरस्ती आणणारं शहर पाहिजे, आणि गोव्यात तशी सोय होती असं माझ्या ऐकण्यात नाही. मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट, भेंडीबाजार. चोरबाजारात असे तांब्याचे कंदील अजून निघतात आणि तिथून गोव्याला येणारी गाडी आठवड्याला सुटतेच. माझं मत विचाराल तर तुमचा कंदील मुंबईकर आहे, मागाहून कुणीतरी गॅसची चावी काढून लाकडी ठोकळ्यावर बल्ब लावला. रंग खरवडताना पितळेची बारकी पट्टी लागते का बघा, छपराच्या पाळीखाली किंवा चौकटीच्या कोपऱ्यात. इंग्लिश माल असेल तर पत्त्यातल्या चौकटच्या, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का (चारही कोपऱ्यांत अक्षरं आकडे) म्हणजे डिझाइन १८४२ ते १८८३ मध्ये नोंदलेलं, आणि नुसता 'आरडी नंबर' असेल तर १८८४ नंतरचं. हे नंबर १८८४ मध्ये १ पासून सुरू झाले, जुन्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात आहेत, नंबर मिळाला तर वर्ष मिळालंच.

आणि शेड, जी फुकटात आली, ती माझ्या मते खरी गोव्याची. पश्चिम जर्मनी हा देशच १९४९ चा, म्हणजे होल्डर त्याआधीचा असूच शकत नाही. आटे मेट्रिक, होल्डर ई२७ आणि मूळचा. भारतात पन्नास-साठच्या दशकात परदेशी माल आणायचा म्हणजे लायसनची भानगड, रस्त्यावरच्या साध्या दिव्यासाठी जर्मनीहून होल्डर कोण आणेल? पिनेचे होल्डर इथेच बनत होते. गोव्यात मात्र उलटं होतं. १९५५ च्या सुमारास भारताने नाकेबंदी केल्यावर इकडचा माल तिकडे येणं आटलं, आणि त्याच वर्षांत खनिजाची जहाजं मुरगाव बंदरातून जपानला आणि पश्चिम जर्मनीला जायला लागली, पैसा आला, बाजार परदेशी मालाने भरला. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं जर्मन सुरी, जपानी कप आणि डच पावडरचं दूध यांच्या गोष्टी अजून सांगतात. त्या जहाजांच्या काळात असली शेड मडगावला लागणं अगदी बसतं. १९४९ ते १९६१, माझी बोली एवढीच.

कागदकिडा, पणजी

छान चाललंय. दिव्याचं अंग वाचून झालं की कागदाकडे वळा, नाहीतर 'बसतं' आणि 'असावं' यातच अडकाल.

पोर्तुगीज सरकारचं गॅझेट, बोलेतीं, १८३७ पासून निघत होतं. त्यात नगरपालिकांच्या जाहिराती, सामान खरेदीच्या नोटिसा असं बरंच सापडतं, वाचायला पोर्तुगीज लागतं पण रोज वाचलं की दिव्यांचे, तेलाचे, खांबांचे ठरावीक शब्द आपोआप डोळ्यांना दिसायला लागतात. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, १९०० पासूनचं ओ हेराल्दो धरून. आणि पुराभिलेख खातं आहेच. तुमच्या शेडसाठी मी पन्नासच्या दशकातल्या मडगावच्या खरेदीच्या नोटिसा आधी बघेन. ते ४७ नुसतं एकटं तुमच्या कामाचं नाही, पण मोडलेल्या घराची गल्ली कळली आणि त्या गल्लीतल्या अजून एकाही जुन्या ब्रॅकेटवर त्याच हाताने लिहिलेला ४६ किंवा ४८ सापडला तर यासारखा पुरावा नाही. म्हणून सामानवाल्याकडे परत जा, घर कुठलं ते विचारा. हे कंदिलाच्या गोष्टीपेक्षा तो जास्त खरं सांगेल, कारण त्यात त्याला पैसे मिळालेले नाहीत.

फोटो बघताना एक करा, दिवा बघू नका, ब्रॅकेट भिंतीला कुठे लागलाय ते बघा. सोझा अँड पॉल या स्टुडिओचे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे नोव्हा गोवाचे (म्हणजे पणजीचे) फोटो आहेत, नंतरची पोस्टकार्डं आहेत, त्यात दिवा नखाएवढा दिसतो, पण ब्रॅकेटचा वळसा आणि खिडकीपासूनचं अंतर मोजता येतं. ती भिंत आज उभी असेल तर चुन्याखाली जुन्या खिळ्यांची भोकं सापडतात.

खांब घ्यायचा विचार चाललाय म्हणालात म्हणून चिन्हांबद्दल. ओतीव खांबावर चाक असेल, काटेरी दातांचं, तर ते सेंट कॅथरीनचं चाक, गोव्याचं चिन्ह, कारण आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकलं तो २५ नोव्हेंबर १५१० तिच्या सणाचा दिवस. जहाज आणि त्याच्या दोन टोकांना दोन कावळे असतील तर ते लिस्बन शहराचं चिन्ह, तिथल्या रस्त्यांवरच्या दिव्यांवर आजही दिसतं. असला नग गोव्यात 'पणजीचा जुना' म्हणून दाखवला तर हसून पुढे जा, तो नंतर कुणीतरी तिकडून आणलेला नाहीतर त्याची नक्कल.

रिसॉर्टवाला_भाचा, कळंगुट

आम्हाला असे २० कंदील पाहिजेत बागेसाठी, कुणाकडे आहेत का? जुनेच पाहिजेत असं नाही, जुने दिसले पाहिजेत.

बिडाचा_खांब, म्हापसा

भाच्या, तुझ्यासाठीच ॲल्युमिनियमचे ओततात रे. फक्त विकताना ते फोंतैन्याशीचे म्हणून विकू नकोस म्हणजे झालं.

सांजवात, मडगाव

कंदील मुंबईचा निघाला म्हणून थोडं वाईट वाटलं पण झडपेची गोष्ट ऐकल्यापासून सासूबाई येईल त्याला तो उलटा करून दाखवतायत. सामानवाल्याला फोन केला, घर जुन्या बाजाराकडचं आहे इतकं कळलं, गल्ली शनिवारी दाखवतो म्हणाला. आता शेड साफ कशी करू? इनॅमल उडालंय तिथे गंज पुढे सरकतोय. आणि लावू का नको?

रिटायर_लाइनमन, डिचोली

साफ करायला पॉलिश पेपर मारू नका, इनॅमल म्हणजे काच आहे, ओरखडा पडला की गेला. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ फडकं. उडालेल्या जागेवर फक्त गंज पितळेच्या बारीक ब्रशने झाडा, त्यावर रस्ट कन्व्हर्टरचा एक हात आणि मग मेण. हिरवा रंग लावून ते भोक लपवू नका, पुढे कुणाला बघायचं असेल तर मूळ काठ दिसला पाहिजे. ४७ च्या आकड्याला तर पाणीसुद्धा लावू नका, आधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. कंदिलाचा जुना हिरवा रंग कोरडा घासू नका, त्या काळच्या रंगात शिसं असायचं, घरात पोरं असतील तर मुळीच नको, स्ट्रिपर लावून ओलाच काढा, आणि बिजागरीच्या पानाजवळचा राहू द्या.

लावायचं असेल तर होल्डरला हात न लावता आत एलईडी, ५-७ वॅटचा, गरम होत नाही. वायर नवीन तीन पदरी, आणि तिसरी वायर शेडच्या पत्र्याला अर्थिंग म्हणून. जुन्याला अर्थिंगचा स्क्रूच नसतो, नवीन भोक पाडू नका, ब्रॅकेटचा बोल्ट आहे तिथेच टर्मिनल आवळा. आट्यांच्या होल्डरला फेज मधल्या ठिपक्यावर द्यायची आणि न्यूट्रल आट्यांवर, उलटं केलंत तर बल्ब फिरवताना बोट लागलं की झटका. इथे बरेच वायरमन पिनेच्या सवयीने बघतच नाहीत, टेस्टर लावून स्वतः खात्री करा.

शनिवारी गल्लीत जाणार असाल तर दुर्बीण न्या, ब्रॅकेटवरचा आकडा खालून दिसत नाही.